सपाट पत्र्याचं विमान

१९३६ च्या फेब्रुवारीअखेर सावलीत गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं. जिल्हा तेव्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, प्रांत मध्य प्रांत. मूलहून गडचिरोलीकडे निघालं की वाटेत लागणारं हे गाव तोवर खादीमुळे दूरवर माहीत झालं होतं. गांधीजी मार्च उजाडल्यावरही इथेच होते. कातणाऱ्या बायांना पोटापुरती मजुरी मिळायला हवी की नको, हा प्रश्न त्या दिवसांत खादीच्या कामात ऐरणीवर होता, आणि सावली हे त्या कामाचं मोठं केंद्र होतं.

त्याच मार्चच्या ५ तारखेला इंग्लंडमधल्या ईस्टली विमानतळावरून स्पिटफायर पहिल्यांदा आकाशात गेलं. त्याआधी अडीच महिने, १७ डिसेंबर १९३५ रोजी, कॅलिफोर्नियात डग्लस कंपनीचं डीसी-३ उडालं होतं. आपल्याकडे ते पुढे डाकोटा म्हणून ओळखलं गेलं. दोन्ही विमानांचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याचं होतं. तोवरची बहुतेक विमानं कापडी असत. लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं तागाचं नाहीतर सुती कापड, आणि कापड आक्रसून घट्ट व्हावं म्हणून वर डोप नावाच्या रोगणाचे हात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले ते पस मॉथ विमान याच जातीचं. सावलीत सुताचा हिशेब चालू होता, त्याच हंगामात विमानं अंगावरचं कापड झपाट्यानं उतरवू लागली होती.

कागद आणि पातळ पत्रा यांतून हुबेहूब विमानं घडवण्याची जी कला आज जगभर आहे, तिची मुळं या बदलात आहेत. लोक तिला पोरखेळ समजतात. माझं म्हणणं असं की खरं विमान आणि त्याची कागदी प्रतिकृती एकाच भूमितीनं बांधलेली आहेत, आणि ही भूमिती आधी प्रतिकृतीत सापडली, मग विमानात गेली.

याचा पुरावा जुना आहे. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणानं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं आणि तोल न सोडता उतरलं. मागे लहान शेपूट, पंखांची टोकं किंचित वर उचललेली. स्थिर उड्डाणाचं मर्म त्या खेळण्यात होतं. पेनोच्याच रचनेवर बेतलेलं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये मिल्टन राइट या पाद्र्यानं आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. बूच, बांबू आणि कागद, वर रबराचा पीळ. खेळणं मोडलं तेव्हा विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी तसंच दुसरं करून पाहिलं.

या भावांचं खरं मोठेपण मला १९०३ च्या उड्डाणापेक्षा १९०१ च्या हिवाळ्यात दिसतं. त्या वर्षी त्यांचं ग्लायडर अपेक्षेच्या मानानं फारच कमी उचल देत होतं. उपलब्ध कोष्टकांवर विसंबून राहण्यापेक्षा त्यांनी डेटनच्या सायकलच्या दुकानात लाकडाचा एक बोगदा बांधला. लांबी ६ फूट, तोंड १६ इंच चौरस, एका टोकाला पंखा. त्यात टांगायला त्यांनी पातळ पोलादी पत्र्याचे छोटे पंख केले. पत्रे कापायच्या कात्रीनं आकार काढायचा, हातोडीनं बाक द्यायचा, जाडी हवी तिथे मेण चढवायचं. वजनकाटा हॅक्सॉची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून घरीच जुळवलेला. दोन-तीन महिन्यांत असे सुमारे २०० पंख तपासून झाले. लांब आणि अरुंद पंख आखूड-रुंद पंखापेक्षा चांगला, आणि त्याचा बाक कुठे किती असावा, हे त्यांना तळहातावर मावणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यांनी सांगितलं.

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे आवडीनं सांगितली जाते. तळपदे हे विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते, त्याबद्दल आदर आहेच. पण त्या उड्डाणाचा समकालीन, तपासता येईल असा पुरावा मिळालेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी त्यांचं नाव जोडलं जातं, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये गणितासह मांडला. राइट बंधूंच्या पत्र्याच्या पंखांची मोजमापं मात्र आजही वहीतून वाचता येतात. मी तो हिशेब मोठा मानतो.

आता पत्र्याकडे. १९०० नंतरच्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं की अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात विझवून तो मिश्रधातू काही दिवस नुसता ठेवला तर आपोआप कडक होतो. तो ड्युरॅल्युमिन. पण संपूर्ण धातूचं पहिलं यशस्वी विमान ड्युरॅल्युमिनचं नव्हतं. ह्यूगो युंकर्स यांनी १२ डिसेंबर १९१५ रोजी उडवलेल्या जे-१ चं अंग पोलादी पत्र्याचं होतं आणि लोक त्याला पत्र्याचं गाढव म्हणत. ते जड होतं, हळूहळू वर चढे. चार वर्षांनी, १९१९ मध्ये, युंकर्स यांचंच एफ-१३ हे ड्युरॅल्युमिनचं प्रवासी विमान आलं. त्याचा पत्रा गोदामाच्या छपरासारखा पन्हळी होता. सपाट पातळ पत्रा दाबला की चेपतो, सुरकुततो. त्याला पन्हळी पाडल्या की तोच पत्रा भार पेलतो.

पातळ धातूला आकारामुळे किती बळ येतं, हे आमच्या भागानं अलीकडेच पाहिलं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याला, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि सावलीला लागून असलेल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या शिवारांत धातूचे पोकळ गोळेही मिळाले. चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असा अंतराळतज्ज्ञांचा अंदाज होता. वातावरणाची आग सोसून खाली आलेले ते आकार दोनच होते, कडं आणि गोल.

गोल आकाराची एक मोठी अडचण मात्र आहे, आणि कागदाची विमानं करणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी भेटते. कागदाचा ताव घ्या. त्याची नळी होते, शंकू होतो. त्याचा चेंडू होत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये हे सिद्ध केलं: ताणल्या-आक्रसल्याशिवाय सपाट पृष्ठभागाचा गोल करता येत नाही आणि गोलाचा सपाट करता येत नाही. नागपुरी संत्र्याची अख्खी साल टेबलावर चेपून पाहा, ती कडेनं फाटतेच. कागद एका वेळी एकाच अंगानं वळतो. पत्र्याचंही तेच, फरक इतकाच की पत्रा ठोकून, दाबून थोडाफार ताणता येतो. त्या ताणण्याला कसबी कारागीर लागतो, मोठे दाब लागतात, वेळ लागतो. त्यामुळे धातूचं विमान आखणारा शहाणा माणूस शक्य तिथे नळी आणि शंकूच वापरतो. डाकोटाचं प्रवासी बसतात ते धड जवळपास सरळ नळी आहे. पंख बुंध्याशी रुंद आणि टोकाकडे निमुळता, पण त्यावरचा पत्रा बहुतांशी एकाच अंगानं वळलेला. दोन्ही अंगांनी वळणारे भाग मोजकेच: नाक, इंजिनांची टोपणं, पंख धडाला मिळतो तिथला भराव, शेपटीची टोकं. याउलट स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख. देखणा, वेगवान, आणि कारखान्याची परीक्षा पाहणारा. सुरुवातीला त्या पंखांनीच उत्पादन रखडवलं होतं. कागदाचं स्पिटफायर करायला घेणारा नवखा माणूसही त्याच पंखापाशी अडतो. पुठ्ठ्याच्या फासळ्यांवर कागद चढवताना पंखाच्या पुढच्या कडेला सुरकुती पडली, की १९३७-३८ मध्ये साउथॅम्प्टनच्या कारखान्यात लोक कशाशी झगडत होते ते बोटांना कळतं.

युद्ध पेटलं आणि प्रतिकृतींना एकदम सरकारी काम मिळालं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ओळखायला शिकवायचं होतं. अमेरिकी नौदलानं १९४२ च्या सुरुवातीला देशभरच्या शाळकरी मुलांकडे ५,००,००० प्रतिकृती मागितल्या. प्रमाण ठरलं १:७२, म्हणजे एक इंचाला ६ फूट. सुमारे ११ मीटरवर धरलेली अशी प्रतिकृती अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, हे त्यातलं गणित. मुलांनी शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत लाकूड तासून ती केली, काळी रंगवली, पाठवली. १:७२ हे प्रमाण ब्रिटनमध्ये १९३२ पासून स्कायबर्ड्सच्या संचांत होतंच. युद्धानं ते जगाचं केलं.

पण हलकं बाल्सा लाकूड आणि धातू दोन्ही युद्धाकडे वळली होती. बाल्साचा मोठा वाटा ब्रिटिश मॉस्किटो विमानाच्या अंगात जात होता. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, आणि वर ताणून बसवलेलं मडापोलम नावाचं तलम सुती कापड. हे कापड तेव्हा ब्रिटनच्या गिरण्यांत विणलं जाई, पण ज्या गावाचं नाव त्याला मिळालं ते मडापोलम गोदावरीच्या मुखाशी, नरसापूरजवळ. सावलीच्या पूर्वेनं वाहणाऱ्या वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून त्याच गोदावरीला मिळतं. आमच्या नदीच्या खालच्या अंगाला जन्मलेल्या कापडाचं नाव बर्लिनवर उडणाऱ्या विमानाच्या पाठीवर होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लाकूड नाही, धातू नाही, मग उरला कागद. ब्रिटनमध्ये १९४१ पासून जेफ्री हेवे यांनी पोस्टकार्डावर छापलेल्या चिमुकल्या मायक्रोमॉडेल्सची मालिका काढली. अमेरिकेत १९४४ मध्ये न्याहारीच्या व्हीटीज पाकिटाची झाकणं आणि थोडे सेंट पाठवले की टपालानं वॉलिस रिग्बी यांनी आखलेली लढाऊ विमानांची छापील कागदी पानं घरी येत. नाकात एका सेंटचं नाणं चिकटवायचं, म्हणजे पुढचा भार जुळतो आणि विमान खरंच तरंगत जातं. पोलंडमध्ये १९५७ पासून 'माली मोडेलाझ' हे मासिक निघू लागलं. दुकानात फारसं काही मिळत नसलेल्या देशात अंकाबरोबर अख्खं विमान हातात येई. कात्री आणि गोंद एवढीच भर घालायची. तिथे १:३३ हे प्रमाण रूढ झालं, आणि आजही कागदी विमानांच्या दुनियेत पोलिश मंडळींचा हात धरणारं कोणी नाही.

आपल्याकडे याच वर्षांत पत्र्याच्या विमानाची खरी विद्या उभी राहत होती, आणि तिच्या मध्यभागी एक मराठी माणूस होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापली. तिथे आले डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर भागातले, जन्म १९०८. त्यांनी ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. हवा पृष्ठभागाला कशी चिकटून वाहते आणि कुठे सुटते, हे ज्यांनी जगाला समजावलं ते हे प्रांट्ल. घाटगे यांनी युद्धकाळात दहा आसनी ग्लायडर आखलं आणि १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेल्या विमानविद्येच्या विभागाची धुरा घेतली. कंपनीत या काळात डाकोटा आणि इतर युद्धविमानांची डागडुजी चाले. फाटलेल्या जागी नवा पत्रा बेतायचा, वळवायचा, रिव्हेटनं बसवायचा; पुढे विमानं बांधणाऱ्या हातांना याहून चांगली शाळा मिळाली नसती.

त्यातून एचटी-२ आलं. शिकाऊ वैमानिकांसाठी एकापाठीमागे एक दोन आसनं, खाली बसवलेला पंख, संपूर्ण धातूचं अंग. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं हे पहिलं यशस्वी इंजिनाचं विमान म्हणून त्याकडे पाहिलं जातं. दीडशेहून अधिक विमानं बांधली गेली आणि हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले धडे त्यावर झाले. महाराष्ट्रात घाटगे यांचं नाव आज फार थोड्या शाळकरी मुलांना ठाऊक आहे. याची मला मनापासून खंत वाटते.

प्रतिकृतीवर विसंबणं त्या कारखान्यानं पुढेही सोडलं नाही. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक यांच्या हाताखाली एचएफ-२४ मरुत हे लढाऊ जेट आखलं जात असताना १९५९ मध्ये त्याची लाकडी, इंजिन नसलेली, पण पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली गेली. डाकोटाच्या मागे दोरानं बांधून ती वर नेत आणि सोडून देत. एकास एक प्रमाणाची प्रतिकृती, आत माणूस बसलेला.

डाकोटाचा आणि विदर्भाचा संबंध याहून जवळचा आहे. युद्ध संपल्यावर शिल्लक उरलेली ही विमानं भारतातल्या कंपन्यांनी घेतली आणि १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमानं निघत, मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी परतीची वाट धरत. नकाशावर मद्रास ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती चांद्याच्या डोक्यावरून जाते. त्या वर्षांत आमच्या जंगलावर रात्री जो घरघराट होई, त्याचं अंग त्याच पत्र्याचं होतं.

खाली त्या जंगलातून आणखी एक वस्तू निघत होती. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली, आणि पुढे चांद्याच्या रानातला बांबू तिथे लगदा होऊन तावाच्या रूपानं बाहेर पडू लागला. राइट बंधूंच्या खेळण्यातला बांबू आणि कागद ही दोन्ही द्रव्यं आमच्याकडे एकाच झाडापासून येत होती. बुरूड ज्या कामट्या काढतो त्यांचाच सांगाडा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ. उडतं खेळणं करायला इथल्या मुलाला बाहेरून फक्त रबर आणावा लागे. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना आली, १९५० मध्ये तिची हवाई शाखा, आणि त्या शाखेच्या अभ्यासक्रमात विमानांच्या प्रतिकृती करणं आणि उडवणं हा विषय कायमचा बसला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कागद, झाकणं, डबे यांतून उडती खेळणी शेकडो शाळांपर्यंत नेली. गुप्तांच्या कामाला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणता येणार नाही, पण कागद कुठे वळतो आणि कुठे अडतो हे मुलाच्या हातात उतरवण्याचं काम त्यांच्याइतकं कोणी केलेलं नाही.

पातळ धातूची बाजू त्या मानानं उपेक्षित राहिली. खरं तर तिथे एक सुंदर हिशेब दडलेला आहे. डाकोटाच्या काळातल्या विमानाचा वरचा पत्रा बऱ्याच जागी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. १:७२ च्या प्रमाणात त्याला ७२ नं भागलं की उरतात सुमारे ०.०१४ मिलिमीटर. आपल्या स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल ०.०११ ते ०.०१८ मिलिमीटरची असते. म्हणजे ती फॉइल हा प्रतिकृतीवरचा चकचकीत मुलामा उरत नाही. जाडीच्याही प्रमाणात तो खरा पत्रा आहे. १:३३ ला थोडा जाड धातू चालतो. तिथे अनुभवी मंडळी ऑफसेट छापखान्यातून वापरून टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा रद्दीच्या भावात आणतात, पंखाच्या पुढच्या कडांना आणि इंजिनाच्या टोपणांना त्या लावतात आणि बाकीच्या अंगाला फॉइल. चंद्रपूर, गडचिरोलीतल्या छापखान्यांतही त्या प्लेटा मिळतात.

काम असं चालतं. पुठ्ठ्याचे धडाचे आडवे छेद कापून कण्यावर ओवायचे, त्यावर कागदाचं पहिलं अंग चढवायचं. कागद वळवण्याआधी त्याचा धागा ओळखायचा: ताव एका दिशेनं सहज गुंडाळतो, दुसऱ्या दिशेनं विरोध करतो. नळीचा अक्ष धाग्याच्या दिशेनं ठेवला तर ती गोल बसते, नाहीतर कोपरे धरते. पत्र्यालाही लाटल्याची दिशा असते, पण तिथला नियम उलटा. लाटल्याच्या दिशेला समांतर रेषेवर तीव्र दुमड घातली तर पत्रा तडकण्याचा धोका, म्हणून दुमडीची रेघ आडवी घ्यायची. मग खऱ्या विमानावर पत्र्यांचे जोड जिथे आहेत तिथेच फॉइलचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा पाठीकडून शिंप्याच्या दातेरी चाकानं दाबला की रिव्हेटांच्या रांगा उठतात. पातळ गोंद लावून तुकडा बसवायचा आणि काडीच्या बोथट टोकानं घासत मधून कडेकडे जायचं. शेजारच्या तुकड्याची घासण्याची दिशा बदलली तर उजेड वेगळा परततो, आणि अंग एकाच चादरीचं न वाटता अनेक पत्र्यांचं वाटतं. डाकोटाच्या जुन्या छायाचित्रांत दिसते ती तफावत हीच.

१:३३ चा डाकोटा पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत जवळपास ८८ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे नवख्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. स्पिटफायर तर मुळीच नको. सुरुवातीला एचटी-२ घ्यावं. त्याचा पंख १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर, १:३३ ला साधारण साडेबत्तीस आणि तेवीस सेंटिमीटर. अभ्यासिकेच्या टेबलावर मावेल एवढं. पंख सरळ निमुळता असल्यानं त्यावर कागद एका अंगानं वळून बसतो, चाकं बाहेरच राहतात, त्यामुळे खोबणी करायची गरज पडत नाही. अवघड भाग दोनच: इंजिनाच्या टोपणाचं पुढचं तोंड, आणि वैमानिकांवरची पारदर्शक छत्री. तोंडाला छापखान्याच्या प्लेटेचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून घ्यावा लागेल. छत्रीचे कप्पे वेगवेगळे कापून जोडता येतात. एचटी-२ चा ताव मराठीत, घाटगे यांच्या नावानिशी आणि मोजमापांसह छापावा, आणि तो बल्लारपूरच्या कागदावर छापावा, एवढी माझी इच्छा आहे. चार-पाच पानांत सारं विमान बसेल.